परमुलखी धर्मकार्याला निघालेल्याची शिदोरी



धर्मशास्त्रावर बोलण्याचा आमचा अधिकार नाही. आमचे आयुष्य कामगारांच्या सभांत, मागण्यांच्या खलित्यांत आणि तडजोडीच्या बैठकांत गेले. तरीही ख्रिस्ती धर्मकार्यासाठी दीर्घकाळ परदेशी जाणाऱ्याने कोणती पुस्तके वाचावीत, हा विषय आम्ही मागून घेतला. कारण परक्या वस्तीत जाऊन 'तुमचे जिणे बदला' असे सांगण्याचे काम आमचेही आहे. आणि त्यात माणूस कोठे चुकतो, हे आम्ही स्वतः चुकून शिकलो आहोत.

बायबल तर तो नेईलच. प्रश्न आहे तो त्याच्या जोडीला काय न्यावे हा.

विल्यम कॅरे हे इंग्लंडातले जोडे शिवणारे कारागीर. लॅटिन, ग्रीक, हिब्रू या भाषा त्यांनी पोटाचा धंदा सांभाळून पैदा केल्या. कॅप्टन कुकच्या सफरींची वर्णने वाचून जग केवढे आहे याची त्यांना जाणीव झाली. १७९२ साली धर्मप्रसाराच्या कर्तव्यावर त्यांनी पुस्तक लिहिले, तेव्हा त्यात देशोदेशींचा विस्तार, लोकसंख्या आणि धर्म यांचे तक्ते घातले. हे आम्हाला फार पटते. कळवळा कितीही खरा असो, आधी मोजदाद केली पाहिजे. म्हणून शिदोरीतले पहिले पुस्तक त्या देशाच्या भूगोलाचे आणि इतिहासाचे.

१७९३ च्या जूनमध्ये कॅरे बंगालला निघाले. कंपनी सरकारचा मिशनऱ्यांना विरोध, म्हणून जहाज डॅनिश. सुमारे पाच महिन्यांचा तो प्रवास. बंगालमध्ये आधी राहून आलेले डॉ. जॉन टॉमस बरोबर होते. त्यांच्यापाशी कॅरे जहाजावरच बंगाली शिकू लागले. पुढे १८०५ साली त्यांनी मराठीचे व्याकरण छापले आणि १८१० साली मराठी-इंग्रजी कोश. या कामी पंडित वैजनाथ शर्मा यांचे साहाय्य त्यांना होते. त्यांच्याच श्रीरामपूरच्या छापखान्यातून १८१४ साली मराठी सिंहासनबत्तिशीही निघाली. विक्रमराजाच्या गोष्टींनी ख्रिस्ती धर्म वाढत नाही. पण लोकांची भाषा लोकांच्याच गोष्टींतून कळते, हे त्या माणसाला उमगले होते. त्यांच्याही आधी, १५७९ साली गोव्यास आलेल्या फादर स्टीफन्स यांनी १६१६ साली आपले 'ख्रिस्तपुराण' छापले, ते ओवीत. तेव्हा दुसरे पुस्तक त्या भाषेचे व्याकरण, आणि तिसरे तेथल्या आजीच्या तोंडच्या गोष्टींचे.

चौथे पुस्तक अवघड आहे. ते असे असावे की त्याने आपले मत बदलू शकेल. अमेरिकेचे ॲडोनिराम जडसन फेब्रुवारी १८१२ मध्ये सेलम बंदरातून निघाले. कलकत्त्याला बॅप्टिस्ट कॅरे भेटणार, त्यांच्याशी बाप्तिस्म्याच्या प्रश्नावर वाद पडेल, म्हणून जहाजावर ते मूळ ग्रीक वचने तपासू लागले. तयारी प्रतिपक्षाला खोडण्याची. पण प्रतिपक्षच त्यांना पटला! त्याच साली सप्टेंबरमध्ये त्यांनी कलकत्त्यास प्रौढांचा बाप्तिस्मा घेतला आणि ज्या मंडळाने पाठवले होते त्याचा राजीनामा दिला. परका मुलूख, बरोबर नवपरिणीत पत्नी, आणि पोटाचा आधार गेलेला. वाचनाची एवढी किंमत मोजणारा माणूस आम्हाला वंदनीय वाटतो, मग त्याचा पंथ कोणताही असो. जो स्वतः बदलायला तयार नाही, त्याने दुसऱ्याला बदल म्हणू नये.

पाचवे पुस्तक लक्ष्मीबाई टिळकांचे 'स्मृतिचित्रे'. १८९५ साली नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंचा संसार दुभंगला. वर्षानुवर्षे नवराबायको वेगळी राहिली. पुढे त्या स्वतःही ख्रिस्ती झाल्या, पण स्वतःच्या पायांनी चालत. मिशनच्या वहीत धर्मांतर म्हणजे एक नाव. घरात त्याच्यापायी किती रडणे, किती रुसणे आणि किती हसणे असते, ते या पुस्तकात आहे. जाणारा कोणत्याही देशी जावो, तेथल्या घरातून लिहिलेले असे एखादे पुस्तक त्याने शोधावे.

आता आमची चूक सांगतो. एकदा परभाषिक कामगारांच्या वस्तीत आम्ही सभा लावली. पिशवीभर पत्रके नेली, भाषण पाठ करून नेले. सभेला माणसे आली सात. मागाहून कळले की, सभेची वेळ आणि वस्तीच्या नळाला पाणी येण्याची वेळ एकच होती. आमचे सारे वाचन आमच्याच मताचे होते. त्या वस्तीविषयी आम्ही एक ओळही वाचली नव्हती, की कोणाला विचारलेही नव्हते. दुसऱ्या खेपेला आम्ही पत्रकांऐवजी त्यांच्या भाषेचे बालबोध पुस्तक घेऊन गेलो. आमचे उच्चार ऐकून पोरे पोट धरून हसली, आणि पोरांमागून त्यांचे आईबाप आले.

आज जहाजाचे पाच महिने राहिले नाहीत. विमान एका दिवसात पोचवते. म्हणजे शिकण्याचा तो सक्तीचा अवकाशही गेला. तो आता मुद्दाम काढावा लागेल, निघण्याआधी आणि पोचल्यावर रोज रात्री. आणि शिदोरीत एक कोरी वहीही असू द्यावी. तेथली माणसे जे सांगतील, ते उतरून घ्यायला.