पैठणी कॅमेऱ्यासमोर येण्याआधी

येवल्याच्या पैठण्यांचा कॅटलॉग करायचा, तर अनुभवी छायाचित्रकार कॅमेऱ्याआधी कागद काढतो. त्यावर शॉट लिस्ट उतरते: कुठली साडी, कुठला कोन, चौकट उभी की आडवी, फोटो छापायचा की मोबाइलवर दाखवायचा.

नेसलेली साडी, पसरलेला पदर हे कुणालाही सुचतं. खरी मेख बारकाव्यांत आहे. हातमागावरच्या अस्सल पैठणीची नक्षी दोन्ही बाजूंनी सारखी दिसते. यंत्रमागाच्या नकलेत मागे बहुधा सुटे धागे दिसतात. त्यामुळे पदराच्या उलट्या बाजूचा, मोराचा पिसारा चौकटभर येईल असा क्लोज-अप यादीत हवाच. जाणतं गिऱ्हाईक पदर आधी उलटूनच पाहतं! धूपछाव रंगाला तर एक फोटो पुरत नाही. उभे धागे एका रंगाचे, आडवे दुसऱ्या रंगाचे, त्यामुळे कोन बदलला की छटा बदलते. म्हणून घडी किंचित फिरवून दुसरा फोटो घ्यायचा.

क्रम साड्यांप्रमाणे नाही, प्रकाशाप्रमाणे लावतात.

जरीचे धागे चकाकतात, म्हणून तिरप्या, मऊ उजेडातले सगळे क्लोज-अप एका दमात उरकायचे. नाहीतर दर साडीमागे दिवे हलवण्यातच दुपार सरते. मॉडेलची पाळी शेवटी, कारण एकदा नेसवलेल्या रेशमावरच्या चुण्या इस्त्रीशिवाय जात नाहीत.