घाणा कोणाचा, सुट्टी कोणाची?

(पंडरी, रायपूर येथील अभ्यासवर्गात केलेलं भाषण)



गेल्या नोव्हेंबरात एका वाहिनीने मला तरुण संशोधकांच्या चर्चेसाठी बोलावलं. घरात आनंद झाला. टीव्हीवर दिसणारी मी आमच्यातली पहिलीच. चित्रीकरण होतं ६ डिसेंबरला. मी म्हणाले, त्या दिवशी महापरिनिर्वाण दिन आहे, दुसरा दिवस द्या. उत्तर आलं, "आमच्या यादीत त्या दिवशी सुट्टी नाही." मी लेखी तक्रार केली. मग उलट प्रश्न आला, "हा दिवस पाळणारे असे कितीजण आहात?" माझी जागा दुसऱ्याला गेली.

आई म्हणाली, "एक दिवस जाऊन आली असतीस." तिचं चुकलं नाही. ती कापड मार्केटमध्ये रोजीवर आहे. दिवाळीला दुकानच बंद असतं. ६ डिसेंबरला ती घरी थांबली, तर रोजी कापली जाते.

२०२५ सालचा ६ डिसेंबर शनिवारी होता. बोलावलेल्यांत कोणी बेने इस्रायली असता, तर तोही अडला असता. यहुद्यांचा शब्बाथ शुक्रवारी सूर्यास्तालाच सुरू होतो आणि शनिवारभर चालतो. त्यांचा उपासाचा मोठा दिवस, योम किप्पुर, इंग्रजी तारखेला बांधलेला नाही. २०२५ साली तो २ ऑक्टोबरला आला. म्हणजे गांधी जयंती, दसरा, धम्मचक्र प्रवर्तन दिन आणि योम किप्पुर, सगळं एकाच दिवशी. त्या दिवशी पडद्यावर कोण दिसलं आणि कोण नाही, आठवून पाहा.

कोकणातले बेने इस्रायली तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे. लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणू लागले. आपल्याकडे वेगळा दिवस पाळला, तरी त्याचीही जात होते! पण त्यात आणखी एक गोष्ट आहे. घाणा त्यांचा होता, म्हणून त्यांना तो थांबवता आला. आज इस्रायलमध्ये योम किप्पुरला रेडिओ-टीव्हीचं प्रसारण थांबतं. तिथल्या अरब नागरिकांच्या ईदला थांबत नाही. म्हणजे कोणता दिवस पवित्र, हा प्रश्नच नाही. घाणा कोणाचा, हा प्रश्न आहे.

बाबासाहेबांना हे ठाऊक होतं. १९२० साली 'मूकनायक' निघाला, तेव्हा पैसे देऊ करूनही 'केसरी'ने त्याची जाहिरात छापली नाही.

पण आपला घाणा उभा राहीपर्यंत तक्रार करायचीच. मात्र मेहेरबानी मागू नका, पद्धत मागा: तारीख ठरवण्याआधी बोलावलेल्या प्रत्येकाला विचारा. आणि आपण किती आहोत, हे सिद्ध करत बसू नका. महाराष्ट्रात यहुदी अगदी थोडे. तरी २०१६ साली राज्य सरकारने त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला. डोकी मोजून हक्क द्यायचे नसतात.

शेवटी आपल्याबद्दल. गेल्या १८ डिसेंबरला आपण हा अभ्यासवर्ग ठेवला, कारण सुट्टी होती. सुट्टी कशाची? गुरु घासीदास जयंतीची. आपले सतनामी साथी त्या दिवशी जैतखामापाशी होते. आपल्या वहीत त्यांच्या नावांपुढे 'गैरहजर' लिहिलं आहे, आणि ते अक्षर माझं आहे. वाहिनीकडे तक्रार करून तेव्हा मला दोन आठवडेही झाले नव्हते.

म्हणून पुढची तारीख आज ठरवायची नाही. आधी वही फिरवू या. प्रत्येकाने आपापले दिवस लिहावेत.

जय भीम, जय सतनाम.