माणूस हरवले तर गावाने काय करावे?

(जिल्हा बैठकीतील भाषण)



कापसाच्या भावाची चर्चा सकाळी झाली, संध्याकाळी पुन्हा होईल. मधल्या वेळात एका वेगळ्या कामाबद्दल बोलायचे आम्ही ठरवले आहे.

गावातले माणूस हरवले की काय होते हे तुम्हाला ठाऊक आहे. एखादा म्हातारा भ्रमात शिवाराबाहेर जातो. एखादे पोर जत्रेत चुकते. कर्जाच्या तगाद्याने खचलेला भाऊ दिवेलागणीला घरातून निघतो आणि परत येत नाही. सारे गाव बॅटऱ्या घेऊन धावते. माणुसकीला आपल्याकडे तोटा नाही. पण शंभर माणसे एकाच वाटेने जातात, पायाचे ठसे तुडवतात, एकच विहीर दहा वेळा पाहतात. आणि नाल्यापलीकडचा तुकडा कोणीच पाहिलेला नसतो.

थायलंडमधली एक गोष्ट सांगतो. चिआंग राय प्रांतात थाम लुआंग नावाची गुहा आहे, दहा किलोमीटरपेक्षा लांब. २३ जून २०१८ रोजी फुटबॉल खेळणारी १२ मुले आणि त्यांचा प्रशिक्षक त्या गुहेत शिरले. वर पाऊस कोसळला, आत पाणी भरले, वाट बंद झाली. शोध सुरू झाला तो गुहेच्या तोंडाशी सापडलेल्या सायकलींवरून. २ जुलैला दोन ब्रिटिश स्वयंसेवक पाणबुड्यांना मुले सापडली, तोंडापासून सुमारे ४ किलोमीटर आत. १० जुलैपर्यंत तेराच्या तेरा जण जिवंत बाहेर आले.

या कामी दहा हजारांच्या आसपास माणसे राबली. सगळे काही पाणबुडे नव्हते. कोणी स्वयंपाक केला, कोणी कपडे धुतले. पक्ष्यांची घरटी काढायला कड्यांवर चढणारी माणसे दूर दक्षिणेतल्या बेटावरून आली आणि डोंगराच्या माथ्यावर गुहेत उतरणारी भोके शोधू लागली. गावकऱ्यांनी आणि जवानांनी मिळून डोंगरावरचे ओहोळ वळवले. मुले सापडल्यावर पाणी उपशाच्या कामात सल्ला द्यायला आपल्या किर्लोस्कर ब्रदर्सचे तज्ज्ञही तिथे गेले. ज्याला जे येते ते त्याने केले. पण कोणी कुठे जायचे हे एका ठिकाणाहून ठरत होते. प्रांताचे तेव्हाचे राज्यपाल नारोंगसाक ओसोत्तनाकोर्न यांच्याकडे ते काम होते. एवढी शिस्त असूनही समान कुनान हा नौदलातून निवृत्त झालेला स्वयंसेवक पाण्यातच गेला, हेही विसरू नका.

आता आपल्या कामाची गोष्ट. उपसलेले पाणी गेले कुठे? खालच्या शेतकऱ्यांच्या भाताच्या खाचरांत. पीक बुडाले. सरकारने भरपाई देऊ केली, आणि काही शेतकऱ्यांनी ती नाकारली; पोरे वाचली, भात पुन्हा लावू, असा त्यांचा हिशेब. न घेणे हा त्यांचा मोठेपणा. पण देऊ करणे हे सरकारचे कर्तव्यच होते. आपल्या गावातही हे लक्षात ठेवा. शोधाला गेलेल्या मजुराची रोजी बुडते. पहिल्या दिवशी तो येतो, दुसऱ्या दिवशी चूल त्याला अडवते. म्हणून डिझेल, भाकरी आणि बुडालेली रोजी यांची तजवीज गावाने आधीच करून ठेवावी.

आमच्या सूचना अशा.

पहिली, पोलिसांना लगेच कळवा. २४ तास थांबा असा कोणताही नियम नाही. ११२ वर फोन करा, पोलीस पाटलाला सोबत घेऊन ठाण्यात जा. हरवलेले १८ वर्षांखालचे असेल तर गुन्हा नोंदवून तपास करावा असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्येच बजावले आहे. अलीकडचा फोटो आणि अंगावरच्या कपड्यांचे वर्णन सोबत न्या.

दुसरी, शेवटचे कोणी, कुठे, किती वाजता पाहिले ते विचारा. ती जागा तुडवू देऊ नका. शोध तिथूनच सुरू होतो. घरी एक माणूस फोन घेऊन बसलेले असू द्या.

तिसरी, गावचा गटनकाशा चावडीवर मांडा. चार-पाच जणांची टोळी, प्रत्येक टोळीला आपले गट. पाहून झालेला गट वहीत लिहा, वेळ टाका. डोक्याएवढी ज्वारी आणि फांद्या मिळालेली पऱ्हाटी यांत माणूस पाच हातांवरून दिसत नाही. म्हणून बांधावरून पाहून परतू नका. ओळीओळीने आत शिरा. थोडे चालले की सगळ्यांनी थांबावे, नावाने हाक मारावी आणि मग गप्प राहून ऐकावे. अशक्त माणसाचा आवाज गलक्यात विरतो.

चौथी, पडक्या विहिरीत कोणीही उतरू नये. आत कोंडलेल्या वायूने पहिला बेशुद्ध पडतो आणि त्याला काढायला गेलेला दुसराही जातो. अग्निशामक दलाला बोलवा.

पाचवी सूचना सगळ्यात अवघड आहे. माणूस जिवंत सापडले की गर्दी जमते आणि जो तो जाब विचारतो, 'असे का केलेस?' ते करू नका. पाणी द्या, जवळ बसा, दवाखान्यात न्या. मनाने खचलेला असेल तर १४४१६ हा सरकारी फोन रात्रंदिवस फुकट आहे. पुढचे काही दिवस कोणीतरी त्याच्यासोबत राहा. घरातले विषारी औषधाचे डबे हलवा. तगादा लावणाऱ्याशी बोलायला तो एकटा जाणार नाही, आपण चौघे जाऊ.

पोळ्याच्या आत प्रत्येक गावाने वीस जणांची यादी करावी. त्यात बाया हव्यात, गुराखी हवेत; शिवार त्यांच्याइतके कोणाला ठाऊक नाही. पुढच्या बैठकीला येताना ती यादी आणा. भाषणे कमी करू आणि याद्या वाचू.