दाण्यांचे बळ



आमचे आयुष्य बाजारातील हमालांच्या संघटनेत गेले. कॉलेजचे तोंड आम्ही पाहिले नाही. जे वाचले ते रात्री, गोदामाच्या दिव्याखाली. तेव्हा चूकभूल द्यावी घ्यावी.

ज्वारीची रास पाहा. दाणे सारे सुटे, तरी रास माणसाला पेलते; आणि तीच ज्वारी पोत्यातून ओतली की पाण्यासारखी वाहते. दाण्यावर दाणा दाबला गेला की घर्षण उपजते. दाब जितका अधिक, तितके घर्षण अधिक. दाब गेला की बळ गेले. हा दाब सर्वांच्या वाट्याला सारखा येत नाही बरे! काही दाण्यांच्या साखळ्या भार वाहतात आणि शेजारचे दाणे जवळजवळ मोकळे असतात. (आमचे हमाल हे ऐकून हसतात.)

जान्सेन या जर्मन इंजिनियरने १८९५ साली उंच कोठीत धान्य भरून तळावरचा भार मोजला. धान्य वाढविले तरी एका मर्यादेपुढे तो भार फारसा वाढेना. बाकीचे वजन घर्षणामुळे भिंतींनी उचलले होते.

कयाधूच्या ओल्या वाळूचा खोपा उभा राहतो, कारण थोडे पाणी कणांना एकमेकांकडे ओढते. दमट धान्यही असेच धरते. एका कोठीत अशी खपली धरली होती. खालचे तोंड उघडे. धान्य निघून आत पोकळी झालेली, वर नुसती कमान. आमच्या एका सोबत्याला ती पहारीने फोडायला आत उतरविले. "धान्यच ते, विहीर थोडीच आहे?" असे त्याला सांगण्यात आले. कमान मोडली आणि तो छातीपर्यंत गेला. चौघांनी ओढले, हलेना. ज्या घर्षणाने रास उभी राहते त्यानेच त्याला धरले होते. श्वास सोडला की छाती आत जाई, आणि मोकळी झालेली जागा दाणे घेत. अखेर खालचे तोंड बंद केले, त्याच्याभोवती पत्रे खुपसले आणि आतले धान्य घमेल्यांनी उपसले, तेव्हा तो सुटला.

त्यानंतर आम्ही तीन गोष्टी मागितल्या: माणूस उतरण्यापूर्वी तोंड बंद, कमरेला दोर, वर पहाऱ्याला एक जण. दोर मिळाला. पहाऱ्याच्या माणसाच्या मजुरीवरून मात्र दोन महिने भांडावे लागले.

आता सुगीत आपल्याकडेही धान्याच्या ट्रॉल्या रिकाम्या होतील. खालची फळी उघडण्यापूर्वी वर कोणाचे पोर बसले आहे का, ते पाहा.