घरातील एसी : ठेवावा की बदलावा?



ह्या व्यासपीठावर ज्ञानेश्वरीपासून अणुशक्तीपर्यंत विषय झाले आहेत. त्या ओळीत घरातल्या एसीचा विषय घेऊन उभे राहणे काहींना विनोदी वाटेल. आणि कामगार चळवळीत तीस वर्षे घालविलेल्या माणसाने तसे करावे, हे तर अधिकच. पण आमची अडचण अशी, की आमच्या संघटनेतले कित्येक सभासद हीच यंत्रे बसवितात, उघडतात आणि उतरवितात. आणि गेल्या काही वर्षांत ती यंत्रे आमच्या सभासदांच्या दोन खोल्यांतही येऊन बसली आहेत. यंत्र जुने झाले, की सभा संपल्यावर कोणी तरी बाजूला घेऊन विचारतो, 'भाऊ, ठेवू का टाकू?' कामगाराच्या घरात चाळीस-पंचेचाळीस हजार रुपये म्हणजे मुलीच्या कॉलेजचे पैसे असतात. ह्या प्रश्नाला 'बघा तुमच्या मनाप्रमाणे' असे उत्तर देऊन चालत नाही.

आमची शाळा आठवीत सुटली. पुढे जे सांगू ते वाचनालयातल्या पुस्तकांतून आणि मेकॅनिक लोकांच्या शेजारी स्टुलावर बसून शिकलेले आहे. कोशात ह्या यंत्राला 'वातानुकूलक' म्हणतात. आम्ही एसीच म्हणू.

हे यंत्र मुळात माणसासाठी निघालेले नाही, हे पुष्कळांस ठाऊक नसते. 1902 साली अमेरिकेत ब्रुकलिन येथील एका छापखान्यात उन्हाळ्यात कागद दमट होऊन फुगे, आणि एका रंगावर दुसरा रंग नीट बसत नसे. विलिस कॅरिअर ह्या तरुण इंजिनिअराने हवेतला दमटपणा आवरण्याची योजना केली, ती त्या कागदासाठी. 'एअर कंडिशनिंग' हा शब्द 1906 साली काढला स्टुअर्ट क्रेमर ह्या कापडगिरण्यांच्या इंजिनिअराने, आणि त्याला काळजी होती सुताची. आपल्या मुंबईच्या गिरण्यांतही सूत तुटू नये म्हणून हवेत पाणी फवारीत, आणि विणकर त्या ओल्या उकाड्यात पाळी काढीत. थंड हवा आधी मालाला मिळाली आणि माणसाला फार उशिरा मिळाली, ही तक्रार आम्ही आज मांडीत नाही. सांगावयाचे ते एवढेच, की कारखान्यात यंत्र बदलावयाचे झाले तर मालक आधी लॉगबुक उघडतो. किती तास चालले, किती वीज खाल्ली, किती वेळा बंद पडले, हे पाहून मग तो पैसा काढतो. घरात आपण काय उघडतो? वर्तमानपत्रातली पानभर जाहिरात. म्हणून पहिली विनंती ही, की एसीच्या नावाने घरात एक वही ठेवा. दुरुस्तीची तारीख, काय बिघडले, किती दिले, आणि एप्रिल-मेची विजेची युनिटे, एवढेच लिहा. दोन उन्हाळ्यांची वही हातात असली म्हणजे विक्रेत्याशी बोलताना आवाज आपोआप बदलतो.

आता गॅसचा विषय घेऊ, कारण सर्वांत अधिक फसवणूक तेथेच होते. 'गॅस संपला, भरावा लागेल' हे वाक्य आपण दर उन्हाळ्यात ऐकतो. श्रोतेहो, एसीतला गॅस स्वयंपाकाच्या सिलिंडरसारखा जळून संपत नाही. तो बंद नळीत फिरतो. आत खोलीतली उष्णता उचलतो, बाहेर नेऊन टाकतो, आणि पुन्हा आत येतो. नळी शाबूत असेल तर तोच गॅस यंत्राच्या अखेरपर्यंत पुरतो. तेव्हा गॅस कमी झाला ह्याचा अर्थ कोठे तरी गळती आहे. गळती न शोधता गॅस भरणे म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणे. आणि जो सभासद आम्हांस 'तीन वर्षे दर साल गॅस भरतो' असे सांगतो, त्याने तीन वेळा दुरुस्तीचे पैसे दिले, पण दुरुस्ती एकदाही झाली नाही.

गळती कोठे आहे, ह्यावर निम्मा निर्णय ठरतो. नळी जेथे नटाने जोडली आहे त्या सांध्यावर असेल, तर काम किरकोळ आहे. यंत्र खुशाल ठेवावे. साबणाच्या पाण्याचा बुडबुडा ती जागा दाखवितो. पण गळती आतल्या कॉइलच्या अंगात असेल, तर गोष्ट निराळी. उघड्या नाल्याजवळच्या आणि खाडीकाठच्या घरांत हे फार दिसते; सांडपाण्यातून निघणारा वायू तांबे काळे पाडतो आणि सुईच्या अग्राएवढी भोके पाडतो. एक भोक बुजवावे तर पुढच्या वर्षी वीतभर अंतरावर दुसरे. यंत्र आठ-दहा वर्षांचे असेल आणि कॉइल अशी चाळणीसारखी झाली असेल, तर ते बदलावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

त्यातही जुन्या यंत्रात आर-22 नावाचा गॅस असेल, तर बदलण्याचे कारण दुप्पट होते. हा गॅस आकाशातल्या ओझोनच्या थराला अपाय करतो, म्हणून 1987 च्या माँट्रिअल करारान्वये तो टप्प्याटप्प्याने बंद होत आहे. आपल्या देशात 1 जानेवारी 2025 पासून हा गॅस घालून नवी यंत्रे बनविणे बंद झाले. 2030 नंतर तो केवळ जुन्या यंत्रांच्या दुरुस्तीपुरता, अगदी थोडा, 2040 पर्यंत राहावयाचा आहे. म्हणजे तो दुर्मिळ होत जाणार, आणि दुर्मिळ वस्तूत भेसळ शिरते हे आपण रेशनच्या दिवसांपासून जाणतो. काही ठिकाणी आर-22 च्या यंत्रात स्वस्तातला ज्वालाग्राही वायू भरून देतात. ज्या यंत्राची बांधणी त्यासाठी नाही त्यात तो घालणे म्हणजे घरात आगीला जागा देणे होय. नव्या यंत्रांतला आर-32 हाही थोडा पेट घेणारा आहे. पण त्या यंत्रांची रचना तशी केलेली असते, मात्र हात शिकलेला हवा. आणि एकाच्या यंत्रात दुसऱ्याचा गॅस चालत नाही. दाब निराळा, आतले तेल निराळे. मात्र उलट बाजूही सांगितली पाहिजे. आर-22 चे यंत्र गळत नसेल आणि थंड करीत असेल, तर केवळ गॅसच्या नावाने घाबरून ते काढू नये.

'कॉम्प्रेसर गेला' हे दुसरे भयंकर वाक्य. कधी तो खरोखर जातो. पण कित्येकदा गेलेला असतो कपॅसिटर, म्हणजे कॉम्प्रेसरला पहिला धक्का देणारा एक डबा, ज्याची किंमत काहीशे रुपयांत असते. तेव्हा हे वाक्य ऐकल्यावर 'कपॅसिटर बदलून पाहिला का?' एवढे विचारावे. प्रामाणिक मेकॅनिकला ह्या प्रश्नाचा राग येत नाही. कॉम्प्रेसर खरोखरच गेला असेल, हमीची मुदत संपली असेल आणि दुरुस्ती नव्या यंत्राच्या निम्म्या किमतीवर जात असेल, तर जुन्यावर पैसा घालू नये.

आता विजेच्या बचतीचे. दुकानात सांगतात, की नवे पंचतारांकित यंत्र घ्या, ते विजेच्या बिलातून आपली किंमत भरून काढील. काढील की नाही, हा पाटीवर मांडण्याचा हिशेब आहे. यंत्राच्या लेबलावर एक आकडा असतो. एका युनिट विजेत किती युनिटांची उष्णता बाहेर काढली, ते तो सांगतो. त्याखाली वर्षाची युनिटे लिहिलेली असतात, आणि ती वर्षाला 1600 तास धरून काढलेली असतात. समजा, नव्या दीड टनी यंत्राचा आकडा 5 आहे आणि वर्षाची युनिटे 750. तुमच्या जुन्याचा आकडा 3 धरू. तेवढ्याच थंडाव्याला ते 1250 युनिटे खाईल. फरक 500 युनिटांचा. पण 1600 तास म्हणजे रोज आठ तासांप्रमाणे दोनशे रात्री! आमचा सभासद फार तर शंभर रात्री एसी लावतो. त्याचा फरक 250 युनिटे. महावितरणच्या बिलात दर पायऱ्यापायऱ्यांनी चढतो आणि एसीची युनिटे वरच्या पायरीवर पडतात, म्हणून 12 रुपये धरू. आपापल्या बिलावरचा दर आपण घालावा. वर्षाची बचत 3000 रुपये. यंत्र 45,000 चे असेल, तर पैसे फिटावयास पंधरा वर्षे. आणि ह्या यंत्राचे आयुष्यच मुळी दहा ते पंधरा वर्षांचे! अशा घराने चालते यंत्र बचतीच्या आशेने काढणे हा तोट्याचा सौदा आहे. तेच एखाद्या घरात अंथरुणाला खिळलेले वडील असतील आणि यंत्र वर्षाला 2400 तास चालत असेल, तर फरक 750 युनिटांचा, 9000 रुपयांचा, आणि पाच वर्षांत किंमत वसूल. त्या घराने नवे यंत्र जरूर घ्यावे.

ताऱ्यांविषयी एवढेच, की ते स्थिर नाहीत. 2018 साली जे यंत्र पाच ताऱ्यांचे होते त्याच मापाचे यंत्र जुलै 2022 नंतर चार ताऱ्यांत गेले, आणि जानेवारी 2026 पासून ते कोष्टक पुन्हा कडक झाले. तारे मोजू नका. लेबलावरचा आकडा आणि वर्ष वाचा.

आणखी एक फसगत. खोली गार होत नाही म्हणून दीड टनाच्या जागी दोन टन आणणारे लोक आहेत. टन म्हणजे यंत्राचे वजन नव्हे. दोन हजार पौंड बर्फ चोवीस तासांत वितळविण्यास जेवढी उष्णता लागते, तेवढी उष्णता काढण्याची शक्ती म्हणजे एक टन. आता वरच्या मजल्यावरचे घर, डोक्यावर दिवसभर तापलेला स्लॅब, पश्चिमेची भिंत उघडी. तेथे यंत्राचा दोष काय? आधी गच्चीवर पांढरा चुना मारा, खिडकीवर ताडपत्री घाला, जाळी धुवा. जाळी धुवावयास पैसा लागत नाही, म्हणूनच बहुधा कोणी धूत नाही. विदर्भातले आमचे मित्र तर एसीलाच हसतात. त्यांच्याकडे कोरड्या उन्हाळ्यात ताट्यांचा कूलर उत्तम चालतो. मुंबईच्या दमट हवेत तो चालणार नाही, आणि आपल्याकडेही जूनपासून निरुपयोगी. पण एप्रिल-मेपुरता प्रश्न असेल तर तोही हिशेबात धरावा.

येथवर घराचा हिशेब झाला. आता त्याच यंत्राच्या दुसऱ्या बाजूला, म्हणजे भिंतीच्या बाहेर, जो माणूस उभा असतो त्याच्याकडे वळतो.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात यंत्र बंद पडते, आणि घरमालक फोनवर सांगतो, 'आज रात्रीपर्यंत पाहिजे.' मेकॅनिकला बहुधा पगार नसतो, कामागणिक पैसे असतात. दिवसाला आठ-दहा घरे. बाहेरचे युनिट असते तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर, लोखंडी कोनांवर, आणि पाय ठेवावयास नऊ इंचांचा सज्जा. चाळीस अंशांत तापलेल्या पत्र्याला हात लावून तो काम करतो. आमच्या संघटनेच्या भागातला बावीस वर्षांचा एक मुलगा अशाच कामावर तिसऱ्या मजल्यावरून पडला. कमरेचा पट्टा दुकानात कुलुपात होता. ठेकेदाराने सांगितले, की तो आमचा नोकरच नाही. 1923 चा नुकसानभरपाईचा कायदा 2025 पर्यंत अस्तित्वात होता; पण 'नोकर' हे सिद्ध करण्यातच त्याच्या आईची दोन वर्षे गेली. त्या घरच्या लोकांस आम्ही भेटलो. वाईट माणसे नव्हती. यंत्र डिसेंबरपासूनच कुरकुरत होते, असे त्यांनीच सांगितले.

म्हणून 'केव्हा बदलावा' ह्या प्रश्नातल्या 'केव्हा'ला आम्ही महिन्याचे नाव देतो. तपासणी मार्गशीर्ष-पौषात करावी. तेव्हा मेकॅनिकला वेळ असतो. तो दाब मोजून, गळती शोधून, खरे उत्तर देऊ शकतो. बदलावयाचे ठरले तर भावही उतरलेले असतात. मेमध्ये घाम पुशीत घेतलेला निर्णय विक्रेत्याचा असतो, आपला नसतो.

आणि नवे यंत्र घ्यावयाचेच असेल, तर तारे, टन आणि हप्ता ह्यांच्या आधी एक गोष्ट ठरवावी : बाहेरचे युनिट कोठे बसणार? जुनी जागा वाईट असेल तर ती बदलण्याची संधी यंत्र बदलताना एकदाच येते. पुढे दहा-बारा वर्षे माणसे तेथेच लोंबकळणार. गॅलरीत, गच्चीवर, जिन्याच्या बाजूला, कोठेही, पण माणूस दोन्ही पायांवर उभा राहू शकेल अशा ठिकाणी ते घ्यावे. नळी दोन-चार मीटर लांबते, तिचे पैसे पडतात. ते द्यावेत. त्या जागी पुढची प्रत्येक दुरुस्ती सोपी होते आणि धुलाई खरोखर होते, तेव्हा ते पैसे वाया जात नाहीत. सहकारी गृहसंस्थेच्या सभेत 'दर्शनी भागाची शोभा' हा मुद्दा निघतो. तो निघाला, तर सज्जावरच्या पायाचे माप सभेत सांगावे.

राहिले जुने यंत्र. दुकानदार ते हजार-दोन हजारांत 'एक्स्चेंज' म्हणून नेतो. त्यात साधारण किलोभर गॅस असतो. आर-22 असेल तर तो एक किलो, पृथ्वी तापविण्याच्या बाबतीत, सुमारे अठराशे किलो कार्बन डायऑक्साइडइतका. भंगाराच्या गोदामात पोरे तांब्यासाठी नळी कापतात आणि तो गॅस फुस्सकन हवेत जातो, पोरांच्या तोंडावरून. तसे होण्याचे कारण नाही. यंत्र चालू असेल तर शिकलेला मेकॅनिक नळी सोडण्यापूर्वी सगळा गॅस बाहेरच्या युनिटात ओढून कोंडून ठेवू शकतो. ह्याला ते 'पंप डाउन' म्हणतात. बंद यंत्राचा गॅस वेगळ्या सिलिंडरमध्ये काढता येतो. एप्रिल 2023 पासून लागू असलेल्या ई-कचऱ्याच्या नियमांप्रमाणे जुन्या यंत्राची विल्हेवाट नोंदणी झालेल्या ठिकाणीच लावावयाची आहे, आणि तिची जबाबदारी यंत्र बनविणाऱ्यावर आहे. तेव्हा यंत्र उतरविणारा दारात आला, की 'गॅस कोंडून घेणार ना?' हे त्याला विचारावे, आणि यंत्र कोणत्या ठिकाणी जाणार ते दुकानदाराकडून पावतीवर लिहून घ्यावे.