किल्ल्या कोणाच्या कमरेला?



या व्यासपीठावरून विद्वानांनी बोलावे आणि मजसारख्याने समोर बसून ऐकावे, असा आजवरचा रिवाज. १९८२ च्या संपात वडिलांची गिरणी सुटली, आणि दहावीनंतर माझी शाळा. पुढचे शिक्षण झाले ते गोरेगाव-मालाडच्या कारखान्यांच्या फाटकांवर. तेव्हा संगणकावर मी बोलणे हे धाडसच होय. परंतु विषय यंत्राचा नसून मालकीचा आहे. आणि मालकीविषयी कामगाराला दोन शब्द बोलता येतात.

घडले ते आधी सांगतो. आमच्या युनियनची सभासदयादी, वर्गणीचा हिशेब, मागणीपत्रांचे मसुदे पूर्वी कपाटात असत. काही वर्षांपूर्वी एका तरुण कार्यकर्त्याने ते सारे एका बड्या कंपनीच्या फुकट खात्यावर चढवून दिले. सोय उत्तम झाली. दिंडोशीत लिहावे आणि अंधेरीतल्या सहकाऱ्याने त्याच क्षणी वाचावे. पुढे तो मुलगा नोकरीसाठी परगावी गेला, त्याचा जुना मोबाईल नंबर बंद झाला, आणि एके दिवशी खाते उघडेना. ओळख पटवण्याचा आकडा त्या बंद नंबरावरच जाई. तीन दिवसांवर वेतनकराराची बैठक होती. दाद मागावी कोणाकडे? कारखान्याच्या फाटकावर निदान रखवालदार असतो. येथे फाटकच नव्हते. जुन्या पावतीपुस्तकांवरून रात्र जागून आम्ही यादी केली. तीत काही नावे राहिली, आणि त्या माणसांना पगाराचा फरक उशिरा मिळाला. त्यांतल्या एका बाईंनी मला विचारले, “दादा, वर्गणी घेतलीत, मग माझं नाव कुठं ठेवलंत?”

त्या कंपनीला मी दोष देत नाही. घर भाड्याचे आहे, किंबहुना भाडेपावतीही आपल्याजवळ नाही, हे आम्ही विसरलो. दोष आमचा.

कोणी म्हणेल, तुम्ही लहान माणसे म्हणून असे झाले. तर मोठ्यांचे ऐका. नायरा एनर्जी या तेलकंपनीची रिफायनरी गुजरातेत वाडिनारला, आणि कारभाराची कचेरी आपल्या मुंबईत. तिच्यात रशियाच्या रोझनेफ्टचा जवळजवळ निम्मा हिस्सा आहे. जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाने तिच्यावर निर्बंध घातले, आणि काही दिवसांतच मायक्रोसॉफ्टने तिच्या सेवा थांबवल्या. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली. त्यानंतर सेवा पुन्हा सुरू झाल्या. निर्बंध योग्य की अयोग्य, हा आजचा प्रश्न नव्हे. मुंबईतल्या कचेरीचा पत्रव्यवहार परदेशातल्या निर्णयाने बंद पडू शकतो, एवढे ध्यानात घ्यावे. ज्याच्या हाती ससा तो पारधी.

क्लाउड म्हणजे आकाशातला ढग नव्हे. तो दुसऱ्याच्या इमारतीतला संगणक होय. मग तो आपल्या इमारतीत आणता येईल काय? येईल. १९८३ मध्ये अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्प जाहीर केला. त्यामागचा विचार साधा: सॉफ्टवेअर वापरावे, त्याची घडण तपासावी, ती बदलावी आणि दुसऱ्याला द्यावी, ही मोकळीक प्रत्येकाला असावी. अशा उघड्या घडणीच्या सॉफ्टवेअरला मुक्तस्रोत म्हणतात. २०१६ मध्ये निघालेले नेक्स्टक्लाउड त्यांतलेच. ते आपल्या संगणकावर बसवले की फायली, पंचांग आणि पत्ते आपल्यापाशी राहतात. त्याला कोलॅबोरा जोडले की चौघांना एकच मसुदा एकाच वेळी लिहिता येतो. दूरच्या माणसांची सभा भरवायला जित्सी आहे.

येथे एक घोटाळा टाळला पाहिजे. स्वदेशी म्हणजे मुक्त, असे नव्हे. झोहो ही भारतीय कंपनी. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची ईमेल तिच्या व्यवस्थेवर गेली, याचा अभिमान कोणाला वाटल्यास वावगे नाही. परंतु तिची घडण उघडी नाही. मालक आपल्या गावचा झाला, म्हणून भाडेकरू मालक होत नाही.

आणि मुक्त म्हणजे फुकट, असेही नव्हे. जर्मनीतल्या श्लेसविग-होल्स्टाइन राज्याने २०२४ मध्ये सुमारे ३०,००० सरकारी संगणक मुक्तस्रोतावर नेण्याचे ठरवले. त्याच देशातल्या म्युनिक शहराने २००३ मध्ये हीच वाट धरली होती, आणि २०१७ मध्ये ते मागे फिरले. नुसता ठराव करून भागत नाही. रोज राबणारी माणसे लागतात.

हे दिंडोशीकरांना मी काय सांगावे? मृणालताई गोरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या नागरी निवारा परिषदेची वसाहत येथेच उभी आहे. घरे आपली झाली, तेव्हा टाकी धुण्याचे आणि दिवे लावण्याचे कामही आपले झाले. सोसायटीची मासिक वर्गणी कोणाला चुकली आहे?

आमच्या कचेरीत आता एक छोटा संगणक याच कामासाठी आहे. वर्गणीतला थोडा भाग त्याच्या देखभालीला जातो. पासवर्ड एका माणसाकडे नाही, कमिटीकडे आहे. दर शनिवारी साऱ्याची नक्कल निघते आणि ती दुसऱ्या ठिकाणी ठेवली जाते. मध्यंतरी तो दोन दिवस बंद पडला होता, हेही सांगून टाकतो. पण दुरुस्त कोणी करायचा, हे आम्हांला ठाऊक होते. १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्यात सभासदांची यादी ठेवावी आणि ती सभासदाला पाहता यावी, अशी तरतूद होती. कायदे बदलतात, ते कर्तव्य बदलत नाही. म्हणून दर तीन महिन्यांनी यादी छापून कपाटातही ठेवतो.

त्या बाई अजून येतात. यादी मागून घेतात, आपल्या नावावर बोट ठेवतात, आणि मगच वर्गणी देतात. आपणही आपापल्या संस्थेत जाऊन एवढेच विचारावे: आमची नावे कोठे ठेवली आहेत, आणि किल्ल्या कोणाच्या कमरेला आहेत?