नगरकारभारात आपला वाटा
(वर्धापनदिनी केलेले भाषण)





महाराष्ट्राने 1990 साली स्थानिक संस्थांत स्त्रियांसाठी 30 टक्के जागा राखल्या. 1993 साली घटनादुरुस्ती अमलात येऊन त्या एक तृतीयांश झाल्या, आणि 2011 साली निम्म्या. आपल्या भिवंडी-निजामपूर महानगरपालिकेत 2017 च्या निवडणुकीत 90 पैकी निम्म्या जागा स्त्रियांच्या होत्या. 2019 साली प्रतिभा पाटील महापौर झाल्या.

परंतु पुष्कळ ठिकाणी निवडून येते बाई आणि कारभार पाहतात तिचे यजमान. सही तिची, शब्द त्यांचा. तिला दोष देऊन भागणार नाही. अंदाजपत्रक कसे वाचावे, ठराव कसा मांडावा, हे तिला कोणी शिकवले? नळाला पाणी किती वाजता येते, गटार कुठे तुंबते, यंत्रमाग कामगारांच्या वस्तीत शौचालयासाठी बायकांना किती चालावे लागते, हे तिला ठाऊक असते. ते चारचौघांत मांडण्याची सवय मात्र नसते.

ती सवय मंडळात लागते. इथे इतिवृत्त लिहिणारी, हिशेब तपासणारी, एकटी पडली तरी उभी राहून बोलणारी बाई उद्या पालिकेत गप्प बसणार नाही.

म्हणून माझी विनंती आहे. हळदीकुंकवाच्या जोडीने दरमहा एक सभा वॉर्डाच्या प्रश्नांसाठी घ्या. नगरसेविकेला बोलवा. यजमान सोबत आले तर त्यांना आदराने चहा द्या. प्रश्न मात्र तिलाच विचारा, आणि उत्तरही तिच्याच तोंडून घ्या.